शरूचा नमस्कार

शरूनं पहिला नमस्कार केला तेव्हा मी देवांना गंध लावत होते.

तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस. सकाळचे सात-सव्वासात झाले असतील. सहा महिन्यांची शरू नुकतीच झोपेतून उठली होती आणि मी तिला देवघरासमोर दोन उशांच्या मध्ये टेकवून बसवलं होतं. घंटी वाजवता वाजवता सहज मागं वळून बघितलं. तिची मान खाली गेली, दोन्ही हात एकदम बाजूला उघडले आणि पुढं येऊन छातीपाशी जवळ आले. क्षणभर ती तशीच वाकून राहिली. मग सैल पडली.

"अगं बाई!" मी म्हणाले. "बाप्पाला नमस्कार केलास?"

तिनं पुन्हा केला. दहा-बारा सेकंदांनी आणखी एकदा. मी घंटी खाली ठेवली, तिला उचलून उराशी धरलं आणि रडले. आनंदानं रडले, हे आधीच सांगून टाकते.

शरू माझ्या धाकट्या भावाची, सुधाकरची मुलगी. ती जन्मली तेव्हा तिचे डोळे, तळहातावरची एकच आडवी रेघ आणि अंगाचा सैलपणा बघून डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. महिन्याभरानं कागद आला. एकविसावं गुणसूत्र दोनाच्या जागी तीन. "डाउन सिंड्रोम आहे," डॉक्टर म्हणाले. "सगळं करेल, पण उशिरा करेल. शेजारच्या पोरांशी तुलना करू नका." हे सांगायला त्यांचं काय जातं? आमच्या तासगावच्या गल्लीत त्या वर्षी पाच बाळं झाली होती. कुणाचं पालथं पडलं, कुणाचं रांगायला लागलं, रोज काहीतरी वर्दी यायची. आमच्या शरूनं मान धरली तेव्हा मी एकटीनं शिरा करून खाल्ला होता.

आणि आता ही पोर सहाव्या महिन्यात हात जोडते! बाकीची बाळं नवव्या-दहाव्या महिन्यात 'जय बाप्पा' शिकतात, तेही शंभरदा शिकवून. मी त्या दिवशीच्या तारखेवर कॅलेंडरात लाल पेननं 'न' लिहिला.

घरात तेव्हा आम्ही दोघीच असायचो. सुधाकर सैन्यात, आसामकडं. त्याची बायको रेवती एसटीत कंडक्टर. बाळंतपणाची रजा संपल्या संपल्या तिची बदली आटपाडी डेपोला झाली. तिथं खोली घेऊन राहायची आणि आठवड्याच्या सुट्टीला दुपारपर्यंत घरी पोचायची. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं परत. शरूला तिकडं नेऊन सांभाळायचं कुणी? म्हणून ती माझ्याकडं. माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही याची गावात तीन कारणं सांगतात, त्यातलं एकही खरं नाही. ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल-पिको करायचं, एवढाच माझा संसार होता. त्यात ही पोर आली आणि माझ्या मशीनपाशी तिची झोळी टांगली. बारशाला आत्या म्हणून तिच्या कानात 'शर्वरी' हे नाव मीच सांगितलं होतं. पण नाव सांगणं वेगळं आणि रोज सकाळी डोळे उघडल्यावर तिला आपलंच तोंड दिसणं वेगळं. खरं सांगायचं तर मी सुखात होते.

नमस्काराचं मी कुणाला सांगितलं नाही. शेजारणींना सांगितलं तर दृष्ट लागेल, ही एक भीती. आणि रेवतीला? रेवतीला मी चकित करणार होते. संक्रांतीनंतर शरूचं बोरन्हाण करायचं ठरलं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, गल्लीतल्या सगळ्या बायका. त्या वेळी सगळ्यांसमोर शरू हात जोडेल आणि रेवतीचं तोंड बघण्यासारखं होईल, असा माझा बेत होता.

नमस्कार रोज होत होते. आधी तीन-चार, मग आठ, मग पंधरा-वीस. झोपेतून उठली की लगेच, ओळीनं. देवघरासमोर न्यायच्या आधीच अंथरुणात सुरू व्हायचे, तेव्हा मी म्हणायचे, "थांब गं, देव तिकडं आहेत." ओळ संपली की ती रडायची. भूक लागली असेल म्हणून मी बाटली द्यायचे. कॅलेंडरात 'न'च्या ओळी लागल्या.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. ती हसायची थांबली होती. आधी मशीनचं चाक फिरलं तरी खुदकन हसायची. डिसेंबर लागला तसं तिचं बघणंच बदललं. माझ्याकडं बघायची, पण मी तिथं नसल्यासारखं. माझ्या मनात कधीतरी पाल चुकचुकली असेल, नाही असं नाही. पण हात जोडणारं लेकरू मागं कसं जाईल?

रेवतीच्याही ते लक्षात आलं. एका सुट्टीला ती आली, हातपाय धुऊन शरूला मांडीवर घेतलं, चुटक्या वाजवल्या, तोंडं वेडीवाकडी केली. शरू भिंतीकडं बघत राहिली.

"अक्का, ही हसत न्हाई गं माझ्याकडं बघून."

"रुसलीय तुझ्यावर," मी म्हणाले. "आठवड्यानं तोंड दाखवतीस. कळतं त्यांनाबी."

मी गमतीत म्हणाले. पूर्ण गमतीत नव्हतं ते.  रेवती तिकीट फाडून फाडून काळं झालेलं बोट शरूच्या गालावरून फिरवत बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना झोपलेल्या शरूच्या पायांना तिनं डोकं टेकवलं, आईनं लेकीची माफी मागावी तसं. मी ते अंथरुणातून बघितलं आणि कूस बदलली.

बोरन्हाण रविवारी, सतरा जानेवारीला होतं. दुपारी चारची वेळ. रेवतीनं मुद्दाम पुढची रजा जोडून घेतली होती, पण पोचली ती नेहमीसारखी दुपारीच. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या, सगळं परातीत मिसळून ठेवलं. गल्लीतल्या बारा-पंधरा बायका आणि त्यांची पोरं जमली. शरू झोळीत झोपली होती. गेल्या काही दिवसांत ती दुपारच्या झोपेतून उठल्यावरही नमस्कार करायला लागली होती, म्हणून मी तिला मुद्दाम चारपर्यंत झोपू दिलं होतं.

तिला उठवलं, काळं झबलं घातलं, हलव्याचा मुकुट बांधला. पाटावर मी बसले आणि तिला मांडीत घेतलं, तोंड देवघराकडं.

"थांबा," मी बायकांना म्हणाले. "बोरं टाकायच्या आधी एक गंमत बघा. रेवती, तू पुढं ये. अशी समोर बस."

शरूची मान खाली गेली. हात उघडले, पुढं आले.

"अगं, नमस्कार केला!" कोपऱ्यावरच्या इंदूकाकू ओरडल्या. "आठ महिन्यांची पोर! बघा गं बघा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शरूनं पुन्हा केला. पुन्हा टाळ्या. पोरं मोजायला लागली, तीन, चार, पाच. कुणीतरी म्हणालं, देवमाणूस जन्माला आलंय. इंदूकाकू डोळे पुसत होत्या. माझा ऊर नुसता भरून आला होता.

मी रेवतीकडं बघितलं. ती हसत नव्हती. तिचं लक्ष शरूच्या हातांकडं नव्हतंच, चेहऱ्याकडं होतं. सहाव्या नमस्काराला ती गुडघ्यांवर पुढं सरकली.

"टाळ्या थांबवा," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. सात. आठ.

"टाळ्या थांबवा म्हणतीय ना!"

एसटीत भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा तिचा आवाज. सगळं घर गप्प झालं. रेवतीनं शरूला माझ्या मांडीवरून उचललं आणि उलटं फिरवून धरलं. देवघराकडं पाठ, तोंड समोरच्या कोऱ्या भिंतीकडं.

शरूनं भिंतीला नमस्कार केला.

मग पुन्हा केला. घंटी नाही, देव नाहीत, टाळ्या नाहीत. डोक्यावरचा हलव्याचा मुकुट तिच्या नाकावर घसरला होता आणि तिचे डोळे अर्धे वर गेले होते. त्या शांततेत मला पहिल्यांदा ऐकू आलं, की प्रत्येक वेळी वाकताना तिच्या घशातून बारीकसा हुंकार निघतो. दोन महिने मी घंटी वाजवत होते, तो ऐकू येणार कसा?

"हा नमस्कार न्हाई," रेवती म्हणाली. "हिला काय तरी होतंय."

बोरं परातीतच राहिली.

त्याच संध्याकाळी आम्ही मिरजेला पोचलो. तिथल्या डॉक्टरबाई मध्यमवयीन होत्या, बोलायला मऊ. मशीनवर शरूच्या डोक्याला तारा लावून आलेख काढला. तो बघताना त्यांचा चेहरा बदलला नाही, फक्त खुर्ची त्यांनी आमच्या जवळ ओढली.

"ही फिट आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्या फिटमध्ये हातपाय झाडत नाहीत. तान्ह्या बाळांमध्ये ही अशी येते. मान खाली, हात पुढे, झोपेतून उठल्यावर एकामागून एक. गुणसूत्रांचा आजार असलेल्या मुलांना जास्त येते. पुष्कळ लोक फसतात. कुणाला पोटदुखी वाटते, कुणाला दचकणं वाटतं, कुणाला नमस्कार. तुमची चूक नाही."

मग त्यांनी पेन उघडलं.

"कधीपासून होतंय?"

रेवतीनं माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिनं तर तो प्रकार त्या दुपारी पहिल्यांदा बघितला होता. तिचा हात शरूच्या पाठीवर होता.

"नेमकं सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यात दिवस महत्त्वाचे असतात. जितका वेळ हे चालू राहतं, तितकं मेंदूचं शिकणं मागं पडतं. कधीपासून?"

तुळशीच्या लग्नापासून. अडुसष्ट सकाळी. आकडा माझ्या जिभेवर होता, कारण मी 'न' मोजले होते. सकाळीच मोजले होते, रेवतीला दाखवायला.

"आठ दिवस झाले," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. रोज मीच असते ना तिच्यापाशी."

डॉक्टरबाईंनी लिहिलं. "चांगलं केलंत लवकर आणलंत," त्या म्हणाल्या. रेवतीनं शरूच्या पाठीवरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला आणि दाबला.

घरी आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर जुन्या कॅलेंडरातली नोव्हेंबर-डिसेंबरची पानं आणि नव्यातलं जानेवारीचं पान फाडून बंबात घातलं. अंघोळीचं पाणी त्यावरच तापलं.

पुढचं थोडक्यात सांगते. शरूला रोज इंजेक्शन सुरू झालं. तिचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं, रात्रंदिवस किरकिर. सतराव्या दिवशी ते थांबले, ते झटके. मी अजूनही 'नमस्कार' म्हणता म्हणता जीभ चावते. रेवतीनं बिनपगारी रजा घेतली, मग बदलीसाठी वर्षभर हेलपाटे घालून तासगाव डेपो मिळवला. शरू हसली, पण दीड वर्षाची झाल्यावर. बसली तिसऱ्या वर्षी, चालली सहाव्या. बोलली नाही. तिच्यासारखीच एकवीस नंबरवाली पोरं शाळेत जाताना दिसायची, गाणी म्हणायची, आईला हाका मारायची. आमची शरू कधी 'आई' म्हणाली नाही, आणि 'आत्या'ही नाही. लवकर कळलं असतं तर म्हणाली असती का, हे मी पुढं एकदा डॉक्टरबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या सांगता येण्या-न येण्याच्या मधल्या जागेत मी तेरा वर्षं काढली.

रेवतीनं मात्र स्वतःची समजूत घातली होती. आपण वेळ दवडला नाही, आठव्या दिवशी नेलं, इंजेक्शनं दिली, तरी झालं नाही, म्हणजे ते होणारच नव्हतं. त्यावर ती उभी होती. तिला तेवढं तरी सुख असू दे, म्हणून मी गप्प आहे, असं मी मनाला सांगायचे. मनाला काय, ते कशालाही मान डोलावतं.

शरू चौदा वर्षांची झाली त्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीतली दुपार. रेवतीची सकाळपाळी संपली होती आणि ती शरूला ताकभात भरवत होती. मागच्या गल्लीतली स्नेहल सात महिन्यांचा मुलगा घेऊन आली. त्यालाही तेच, एकवीस नंबर. असं लेकरू झालं की तालुक्यातल्या बायका आता रेवतीकडं येतात, ती त्यांना धीर देते, कुठं जायचं, काय करायचं सांगते.

"ताई, हे बघा ना," स्नेहलनं मोबाइल पुढं केला. "झोपेतनं उठला की असं करतोय. शुक्रवारपासनं."

मी मशीनवर बसल्या जागेवरून बघितलं. मान खाली, हात पुढं. पाय मशीनवरून निसटला माझा.

"ही फिट हाय," रेवती लगेच म्हणाली. "दाखवायला पायजे."

"व्हिडिओ पाठवला डॉक्टरांना. आजच्या आज या म्हणाले. पण परवा जावळ काढायचं हाय ताई, कुलदैवताला. गाडी ठरलीय, पावणे उद्याच येतेत. सासूबाई म्हणतेत, तेवढं उरकून सोमवारी जा."

रेवतीनं शरूच्या हनुवटीवरचं शीत पुसलं.

"मग जा की सोमवारी," ती म्हणाली. "दोन-चार दिवसांनी काय आभाळ कोसळत न्हाई गं. घरात भांडणं लावून पळू नको. आमचंच बघ. आठव्या दिवशी मिरजेत होतो आम्ही. डॉक्टर म्हणाल्या, चांगलं केलंत लवकर आणलंत. आणि ही बघ. जे व्हायचं ते व्हतंच."

स्नेहलचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला, बाळाला टोपी घातली आणि उठली.

"आज जा," मी म्हणाले.

"अक्का, उगं घाबरवू नको तिला," रेवती म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता जा, स्नेहल. पावण्यांना काय सांगायचं ते सांग. रेवती सांगतीय ते खरं न्हाई."

"काय खरं न्हाई?" रेवतीचा हात ताटलीवर थांबला.

"आठ दिवस नव्हतं ते," मी म्हणाले. "तुळशीच्या लग्नापासनं होत होतं. अडुसष्ट दिवस. मी रोज बघत होते. मला वाटायचं नमस्कार करती. तुला बोरन्हाणाला दाखवायचं म्हणून सांगितलं न्हाई, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लाज वाटली म्हणून खोटं बोलले." थांबले असते तर पुढचं कधीच बोलता आलं नसतं. "आणि ती तुझ्यावर रुसली नव्हती. हसू त्या झटक्यांनी गेलं होतं. तेबी मी खोटंच सांगितलं."

स्नेहल कधी माझ्याकडं, कधी रेवतीकडं बघत उभी. शरूनं भातासाठी तोंड उघडलं होतं. रेवतीनं राहिलेला घास तिच्या तोंडात घातला, तो गिळेपर्यंत थांबली, मग ताटली उचलून मोरीत ठेवली आणि हात धुतले. मला वाटलं ती ओरडेल. तिनं ओरडावं म्हणून मी वाट बघत होते.

"स्नेहल," ती म्हणाली, "तुझी फाइल घेतलीस का? नसली तर वाटेत घरी थांबू. मी येते संगं."

तिनं कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला फोन लावला. पर्स घेतली, पाण्याची बाटली भरली. मी उठून शरूपाशी गेले. तेरा वर्षं रेवती घराबाहेर पडली की शरूपाशी मी, हे कधी बोलावंच लागलं नव्हतं.

"तू जा," मी म्हणाले. "शरूला मी बघते."

 रेवतीनं दारामागून शरूच्या चपला आणल्या, तिच्यासमोर खाली बसली आणि एकेक पाय उचलून चपला घातल्या. बंद नीट लावले. मग तिला उभी केली.

"चल बाळा, आपल्याला जायचंय."

रिक्षात मागं स्नेहल, तिचं बाळ आणि तिची भली मोठी पिशवी. चौदा वर्षांची, चांगली अंगानं भरलेली पोर रेवतीनं मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी कवळून धरली. रिक्षा सुरू झाली. मी दारात उभी होते. बाहेर पडताना 'अक्का, घराकडं लक्ष ठेव' असं ती रोज म्हणायची, तेही त्या दिवशी ती म्हणाली नाही.